लेव्हल्स सरकवण्याआधी: फोटोतलं काय जातंय ते कसं बघायचं

मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एखादा जुना फोटो येतो. कुणाच्या तरी लग्नातला, मुंजीतला, नाहीतर वाड्याच्या पायरीवर ओळीने बसलेल्या भावंडांचा. सुट्टीत भारतात गेलेल्या कुणीतरी अल्बम स्कॅन केलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "जरा क्लिअर केलाय." फोटो खरंच झळझळीत दिसतो. पण नीट बघितलं तर आजीची काळी चंद्रकळा आता नुसता काळा ठसा झालेली असते, काठ कुठे आणि पदर कुठे ते कळत नाही. आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावरच्या चुण्याही गायब असतात.

हे "क्लिअर करणं" बहुतेक वेळा एकाच हत्याराने होतं. फोटोशॉप आणि गिंपमध्ये त्याला लेव्हल्स म्हणतात, लाइटरूममध्ये तेच काम व्हाइट्स आणि ब्लॅक्स हे स्लायडर करतात, आणि फोनमध्ये ते "ऑटो" किंवा "एन्हान्स" या बटणामागे लपलेलं असतं. हत्यार उत्तम आहे. पण त्यातून मिळणाऱ्या उठावाच्या बदल्यात फोटोतली थोडी माहिती जाऊ शकते. ती किती जातेय आणि कुठून जातेय, हे आधी बघायची सोयसुद्धा त्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. तिचं नाव क्लिपिंग प्रिव्ह्यू. ती नेमकं काय दाखवते आणि ती बघणं का महत्त्वाचं आहे, ते आज समजून घेऊ.

फोटो म्हणजे मार्कांची यादी

आपल्या नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ या दरम्यान. आठ बिटमध्ये २५६ च वेगवेगळ्या किमती मावतात, म्हणून ही मर्यादा. ० म्हणजे त्या रंगाचा प्रकाश अजिबात नाही, २५५ म्हणजे फाइलला सांगता येईल तेवढा जास्तीत जास्त.

आता समजा एका वर्गाचा निकाल लागलाय. पेपर शंभर मार्कांचा, पण सगळ्यांचे मार्क २० ते ८० च्या दरम्यान आहेत. निकाल फारच मिळमिळीत वाटतो म्हणून सर ठरवतात की २० ला ० धरू, ८० ला १०० धरू आणि मधले मार्क त्याच प्रमाणात ताणू. ५० वाला ५० वरच राहील, ७० वाला साधारण ८३ वर जाईल. मुलांमधला फरक आता जास्त ठळक दिसतो. कॉन्ट्रास्ट वाढवणं म्हणजे हेच.

यात अजून तरी कुणाचं नुकसान झालेलं नाही. पण समजा वर्गात एकाला ८४ आणि दुसरीला ९१ होते, आणि तरीही सरांनी ८० लाच १०० धरलं. आता दोघांनाही १०० मिळाले. शंभराच्या वर मार्कच नाहीत, त्यामुळे तिचे सात मार्क जास्त होते ही गोष्ट निकालपत्रकातून पुसली गेली. पुढे कुणी कितीही हुशारीने ते पत्रक वाचलं तरी ती परत मिळणार नाही. तसंच १२ आणि १८ वाले दोघेही शून्यावर. याला क्लिपिंग म्हणायचं. दोन्ही मुलं यादीत आहेत, पण त्यांच्यातला फरक गेला. फोटोतला तपशील म्हणजे शेजारच्या पिक्सेलमधला फरकच असतो, म्हणून फरक गेला की काठही गेले आणि चुण्याही.

लेव्हल्सची खिडकी उघडली (फोटोशॉपमध्ये कंट्रोल-एल, मॅकवर कमांड-एल) की एक आलेख दिसतो. तो हिस्टोग्राम. डावीकडे ०, उजवीकडे २५५, आणि प्रत्येक किमतीचे पिक्सेल किती आहेत तेवढी उंची. खाली तीन छोटे त्रिकोण: डावीकडे काळा, उजवीकडे पांढरा, मध्ये करडा. काळा त्रिकोण २० वर आणि पांढरा २२० वर आणला, तर २० ते २२० हा पट्टा ताणून ० ते २५५ वर पसरतो. १२० ची किंमत साधारण १२८ होते. २० च्या खालचं सगळं ० आणि २२० च्या वरचं सगळं २५५.

मधला करडा त्रिकोण वेगळ्या स्वभावाचा आहे. तो टोकं जागेवर ठेवून मधल्या किमती वर-खाली करतो, त्यामुळे तो कुणाला टोकावर ढकलत नाही. घरातल्या फोटोत सावळे चेहरे काळवंडलेले दिसत असतील तर बरेच जण पांढरा त्रिकोण आत आणतात. चेहरे उजळतात, पण मागची भिंत, खिडकी आणि सदरा जळून जातो. अशा वेळी आधी मधला त्रिकोण डावीकडे सरकवून बघा. तसंच, फोटो "उठावदार" करायला काळा त्रिकोण आत आणला की सावळ्या चेहऱ्याची सावलीतली बाजू आणि केस मिळून एकच काळा डाग होतो. गोऱ्या चेहऱ्याच्या किमती बऱ्याच वर असतात, त्याला त्याच सेटिंगचा काहीच त्रास होत नाही. त्यामुळे मित्रमैत्रिणींच्या मिश्र ग्रुप फोटोत सेटिंग सगळ्यांना सारखं लावलं, तरी त्याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही.

हिस्टोग्राम "किती" सांगतो, "कोण" सांगत नाही

हिस्टोग्राम बघून आपण म्हणतो, उजवीकडे फारसं काही नाहीये, पांढरा त्रिकोण आत घ्यायला हरकत नाही. पण ते "फारसं नाही" नेमकं कुठलं? भिंतीवरच्या ट्यूबलाइटचं, की नवरीच्या कपाळावरच्या मुंडावळ्यांचं? आलेखात दोन्ही सारखेच दिसतात. वर्गात तीन जणांना ९० च्या वर मिळाले एवढं आलेख सांगेल, त्यांची नावं सांगणार नाही.

नावं सांगण्याचं काम क्लिपिंग प्रिव्ह्यूचं. फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये ऑल्ट की (मॅकवर ऑप्शन) दाबून धरा आणि मग पांढरा त्रिकोण सरकवा. फोटो नाहीसा होऊन पडदा काळा होईल. त्रिकोण आत येईल तसे काळ्या पडद्यावर ठिपके उगवायला लागतील. हे तेच पिक्सेल, जे या क्षणी २५५ ला जाऊन टेकलेत. काळा त्रिकोण तसाच ऑल्ट दाबून सरकवला की उलट होतं: पडदा पांढरा, आणि शून्याला टेकलेले पिक्सेल त्यावर उमटतात.

लाइटरूममध्ये व्हाइट्स किंवा ब्लॅक्स स्लायडर ऑल्ट दाबून सरकवला की हेच दिसतं. शिवाय डेव्हलप मोड्यूलमध्ये "जे" ही की दाबली तर फोटोवरच पांढऱ्या टोकाला टेकलेला भाग लाल आणि काळ्या टोकाला टेकलेला भाग निळा रंगवून दाखवला जातो. गिंपमध्ये व्ह्यू मेनूत डिस्प्ले फिल्टर्स आहेत, त्यात क्लिप वॉर्निंग मिळेल. डार्कटेबलमध्ये अशीच सूचना "ओ" या कीवर आहे.

मग नियम काय? एकही ठिपका दिसता कामा नये, असं काही नाही. समईची ज्योत, पितळी तांब्यावरची चमक, फोटोत आलेला सूर्य, हे २५५ ला गेले तरी चालतं. तिथे बघण्यासारखा तपशील नसतोच. उलट सगळं वाचवायला गेलात तर फोटो धुक्यात काढल्यासारखा राहतो. प्रत्येक ठिपक्याजवळ थांबून एवढंच विचारायचं: इथे मला, किंवा पुढे कुणाला, काही बघायचं असेल का? ज्योत असेल तर जाऊ दे. सदरा असेल तर त्रिकोण परत मागे.

ठिपके रंगीत का दिसतात?

प्रिव्ह्यूत बऱ्याचदा ठिपके पांढरे नसतात, लाल किंवा पिवळे असतात. तो दोष नाही, ती जास्तीची माहिती आहे. पांढरा त्रिकोण सरकवताना लाल ठिपका दिसला, तर तिथे फक्त लाल चॅनेल टोकाला गेलाय. पिवळा दिसला तर लाल आणि हिरवा दोन्ही गेलेत. पांढरा दिसला तर तिन्ही गेले आणि तिथे आता कोरा कागद आहे.

आपल्याकडच्या फोटोंमध्ये हे फार होतं, कारण आपल्या समारंभांचे रंगच तसे असतात. लाल शालू, कुंकू, गुलाल, झेंडूचं तोरण. समजा शालूच्या एका पिक्सेलची किंमत लाल २५५, हिरवा ४०, निळा ६० आहे. डोळ्याला जाणवणारा एकूण उजेड काढला तर तो १०७ च्या आसपास येतो, म्हणजे मधोमध. नुसत्या उजेडाचा आलेख बघणाऱ्याला वाटेल की सगळं आलबेल आहे. पण लाल चॅनेल भरून वाहतोय, आणि लाल कापडावरच्या विणीचा बराचसा तपशील त्याच चॅनेलमध्ये असतो. म्हणून गणपतीच्या मिरवणुकीच्या फोटोत गुलाल कधीकधी पोस्टर कलरने फासल्यासारखा सपाट दिसतो. अशा वेळी पांढरा त्रिकोण थोडा मागे घ्या किंवा रंगाचा भडकपणा म्हणजे सॅच्युरेशन कमी करा, आणि ठिपके कमी होतात का ते बघा.

ऑटो बटणाचा हिशोब

ऑटो बटण दाबलं की सॉफ्टवेअर स्वतः हे त्रिकोण बसवतं. फोटोशॉपच्या मूळ सेटिंगमध्ये दोन्ही टोकांचे ०.१ टक्का पिक्सेल क्लिप होऊ द्यायची मुभा असते. ऐकायला अगदी नगण्य. पण २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ०.१ टक्का म्हणजे २४,००० पिक्सेल. ते फोटोभर विखुरलेले असतील तर कुणाला कळणारही नाही. ते एकाच जागी असतील तर १५५ गुणिले १५५ चा चौकोन होतो, आणि पन्नास-साठ माणसांच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत एका माणसाचा चेहरा साधारण एवढाच असतो.

ऑटोला चेहरा आणि ट्यूबलाइट यातला फरक कळत असेलच असं नाही. तो टक्के मोजतो. म्हणून ऑटो वापरायचा तर खुशाल वापरा, पण नंतर ऑल्ट दाबून त्याने कुणाला टोकावर ढकललंय ते एकदा बघून घ्या. दोन सेकंदांचं काम आहे.

जे कॅमेऱ्यातच गेलं ते गेलं

सॉफ्टवेअरमध्ये झालेलं क्लिपिंग मूळ फाइल जवळ असेपर्यंत परत फिरवता येतं. फोटो काढतानाच झालेलं क्लिपिंग मात्र कुणालाच परत फिरवता येत नाही.

फिल्मच्या काळात हा कडेलोट एवढा अचानक नव्हता. १८९० मध्ये इंग्लंडमधल्या विड्नेस गावात फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड या दोन हौशी फोटोग्राफरांनी प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिथे आलेला काळेपणा यांचं नातं मोजून प्रसिद्ध केलं. एक रसायनतज्ज्ञ, दुसरा इंजिनिअर. त्यांची वक्ररेषा दोन्ही टोकांना हळूहळू सपाट होत जाते. म्हणजे प्रकाश खूप वाढला तरी फिल्म थोडाथोडा फरक नोंदवत राहते, नुसती दमत जाते. डिजिटल सेन्सर तसा नाही. त्याच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये ठराविकच इलेक्ट्रॉन मावतात. माप भरलं की भरलं. वर कितीही ओतलं तरी आकडा तोच.

म्हणून बर्फात किंवा समुद्रकिनाऱ्यावर फोटो काढताना फोनच्या पडद्यावर उजळ भागावर बोट टेकवा आणि एक्स्पोजर थोडं खाली घ्या. सावलीत दबलेला तपशील बऱ्यापैकी वर काढता येतो, थोडा खरखरीत दिसतो इतकंच. जळलेलं आकाश वर-खाली करून काहीच हाती लागत नाही, ते फक्त पांढऱ्याचं करडं होतं.

कॅमेऱ्यात रॉ फाइल घेत असाल तर थोडी जास्त सवलत मिळते. रॉमध्ये साधारण १२ किंवा १४ बिट असतात, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरची सूचना बहुधा जेपेगवरून काढलेली असते, त्यामुळे तिथे लुकलुकणारा भाग रॉमध्ये कधीकधी शाबूत सापडतो.

जुना अल्बम: इथे घाई नको

आता परत त्या अल्बमकडे येऊ, कारण आपल्या पिढीच्या हातात आलेलं हे खरं काम आहे. १९७० च्या दशकातले रंगीत प्रिंट आता लालसर दिसतात. याचं कारण त्या कागदांमधली रंगद्रव्यं. अंधारात, अल्बममध्ये ठेवलेल्या त्या काळच्या बऱ्याच प्रिंटमध्ये निळसर-हिरवा म्हणजे सायन रंग इतरांपेक्षा लवकर उडतो. सायनचं काम लाल प्रकाश अडवण्याचं. तो उडाला की लाल मोकाट सुटतो, आणि सावल्यासुद्धा काळ्या न राहता तांबूस होतात.

हे लेव्हल्समध्ये स्पष्ट दिसतं. वरच्या यादीतून एकेक चॅनेल निवडा. समजा निळ्याचा आलेख ३० पासून सुरू होतोय आणि लालचा ७५ पासून. लाल चॅनेलचा काळा त्रिकोण उजवीकडे, त्याचा आलेख जिथे सुरू होतो तिथपर्यंत आणा. तांबूसपणा एकदम उतरतो, केस पुन्हा काळे दिसायला लागतात. पण प्रत्येक चॅनेलमध्ये ऑल्ट दाबून बघा आणि पहिले ठिपके चंद्रकळेवर उगवले की तिथेच थांबा.

कामाचा क्रम मी असा सुचवेन.

पहिलं, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधली ऑटो दुरुस्ती बंद करा. ती स्कॅन होतानाच क्लिप करू शकते, आणि मग मूळ फाइलच अपुरी राहते.

दुसरं, जमलं तर ४८ बिट रंगात स्कॅन करा, म्हणजे प्रत्येक चॅनेलला १६ बिट, आणि टिफ फाइल ठेवा. आठ बिटमध्ये २० ते २२० हा पट्टा ताणला की २०१ किमती २५६ खणांत बसवाव्या लागतात, ५५ खण रिकामे राहतात आणि आलेख कंगव्यासारखा दिसतो. गुळगुळीत आकाशात मग पट्टे उमटतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असल्याने एवढ्या ताणाने काही जाणवत नाही.

तिसरं, लेव्हल्स थेट फोटोवर न लावता अ‍ॅडजस्टमेंट लेयर म्हणून लावा. ऑल्ट की तिथेही चालते, आणि उद्या मत बदललं तर त्रिकोण मागे नेता येतो.

चौथं, मूळ स्कॅनला हात न लावता सुधारलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो आकुंचित होऊन जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते.

एवढं कशाला, असं वाटेल. पण कागदाचा अल्बम कायमचा नाही. कोकणातल्या नाहीतर मुंबईतल्या दमट हवेत फोटो एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते, घर बदलताना खोकी हरवतात. काही वर्षांनी त्या लग्नाचा उरलेला एकमेव पुरावा म्हणजे आज कुणीतरी "जरा क्लिअर केलेली" ती फाइल असेल. तिच्यात काठ नसतील, तर ते पुढच्या कुणालाच दिसणार नाहीत.

प्रयोगशाळेत हाच त्रिकोण

माझं काम मायक्रोस्कोपखालच्या चित्रांचं आहे, आणि तिथे क्लिपिंग दिसण्यापुरतं राहत नाही, निष्कर्षात शिरतं. समजा एका पेशीत प्रथिनाची चमक १२८ आहे आणि दुसरीत २५५. मी लिहिणार, "साधारण दुप्पट." पण २५५ ही खरी किंमत आहे की माप भरून वाहिलंय? वाहिलं असेल तर खरा फरक तिप्पट असेल, दहापट असेल, काहीही असेल. म्हणून चित्र घेतानाच तपासायचं. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये "हायलो" नावाची रंगपट्टी लावली की शून्यावरचे पिक्सेल निळे आणि टोकावरचे लाल होतात. अनेक लॅबमध्ये नव्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच हे दाखवतात.

दुसरा धोका चित्र छापताना. प्रथिनांच्या पट्ट्यांच्या चित्रात, म्हणजे वेस्टर्न ब्लॉटमध्ये, पांढरा त्रिकोण आत आणला की मागची पार्श्वभूमी स्वच्छ पांढरी होते. सोबत तिथली एखादी फिकट पट्टीही जाते, जी कदाचित आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध बोलत होती. "जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी" या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकारलेल्या लेखांतली चित्रं तपासायला सुरुवात केली, आणि २००४ मध्ये माइक रॉसनर आणि केनेथ यामाडा यांनी तिथे या मोहाबद्दल सविस्तर लिहिलं. त्यांच्या मांडणीचा सारांश असा: उजेड आणि कॉन्ट्रास्ट बदलायला हरकत नाही, पण बदल संपूर्ण चित्राला सारखा लागला पाहिजे आणि मूळ चित्रातली माहिती त्यात झाकली किंवा पुसली जाता कामा नये.

इमेजजेमध्ये एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचे स्लायडर हलवले तरी आतले आकडे तसेच राहतात, बदलतं ते फक्त दिसणं. "अप्लाय" दाबलं की आकडेच बदलतात. दिसणं बदलायचं की मोजमाप, हा निर्णय त्या एका बटणात आहे.

घरच्या फोटोला जर्नलचे नियम लावायची गरज नाही. तिथे परीक्षक नसतो, कुणी चित्र परत पाठवत नाही. पण म्हणूनच तिथे बघणारे फक्त आपण असतो. लेव्हल्स खुशाल वापरा, फोटो सुंदर करा. त्रिकोण सोडण्याआधी एकदा ऑल्ट दाबा, आणि मूळ फाइल जपून ठेवा.